मदत हवी आहे: मोठ्या प्लॉटिंगमधले मुरमाचे रस्ते, दोन संघटना आणि वर्गणीची भांडणं

शेवटचा प्लॉट

नमस्कार मंडळी. गावाबाहेरच्या एका मोठ्या प्लॉटिंगमध्ये आमचं घर आहे. तीनशेच्या वर प्लॉट, घरं त्याच्या निम्म्यालाही नाहीत. आतले सगळे रस्ते मुरमाचे. ज्याने प्लॉट पाडून विकले तो केव्हाच नामानिराळा झाला. स्थानिक प्रशासनाचं म्हणणं, रस्ते खाजगी आहेत, आमच्या ताब्यात आलेले नाहीत, आम्ही हात लावणार नाही.

प्लॉटधारकांची एक संघटना होती. हिशेब दाखवा म्हटल्यावर सभेत जुंपली, अर्धे लोक उठून गेले आणि त्यांनी दुसरी काढली. आता दोघंही वर्गणी मागतात, त्यामुळे बरेच जण कोणालाच देत नाहीत. तोंडाशी राहणारे म्हणतात, आम्ही वळलो की तिसरं घर आमचं, आतल्या रस्त्याचा भुर्दंड आम्हाला का? रिकाम्या प्लॉटवाले म्हणतात, आमची गाडी तिथे फिरकतच नाही. ज्यांची बांधकामं चालू आहेत त्यांचे डंपर रस्ता फोडतात, पण वर्गणी सगळ्यांएवढीच.

दर पावसाळ्यानंतर मुरूम टाकतात, पुढच्या पावसात तो खालच्या वळणावर जाऊन बसतो. उतारावरच्या चाकोऱ्यांत लहान गाडीचं पोट घासतं. सपाट पट्ट्यावर आडव्या लाटा पडल्यात, दात वाजतात अक्षरशः.

पैसे कसे वाटावेत? न देणाऱ्यांचं काय करावं? गेट बसवून थकबाकीदारांना अडवायचं असं एका गटाचं चाललंय, ते बरोबर आहे का? आणि मुरूम टिकत का नाही? माझा प्लॉट सगळ्यात आत आहे, तेव्हा मी निःपक्ष नाही, हे आधीच सांगते.

रोलरमागचा

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो. तो सुटला तर वाटून घ्यायची रक्कमच कमी होईल.

पुढच्या जोरदार पावसात छत्री घेऊन रस्त्यावर जा आणि पाणी कुठून चाललंय ते बघा. माझी खात्री आहे, ते चाकोरीतूनच धावत असेल. रस्त्याच्या कडेला मातीचा बांध झाला असेल. दरवेळी मशीन फिरवणारा कडेला माती सोडून जातो, त्यावर गवत उगवतं आणि पाणी चरात उतरायची वाटच बंद होते. मग ते रस्त्याच्या लांबीने वाहतं आणि मुरूम बरोबर नेतं. तो बांध काढा, चर मोकळे करा, मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारे पाइप, साफ करा. हे सगळं नवा मुरूम टाकायच्या आधी.

दुसरं, रस्त्याची पाठ उंच हवी. मुरमाच्या रस्त्याला मधून कडेपर्यंत साधारण ४ टक्के उतार लागतो. तुमचा रस्ता ६ मीटर रुंद असेल तर मध्यभाग कडेपेक्षा १२ सेंटीमीटर वर. सरळ फळी आणि पाणसळ घेऊन कोणीही मोजू शकतं. डांबरी रस्त्याला याहून कमी चालतो, म्हणून डांबरीची सवय असलेला ठेकेदार मुरमाचा रस्ता हमखास सपाट करून ठेवतो. खालची जमीन कोरडी राहिली तरच ती वजन पेलते, हे मॅकॅडम नावाचा स्कॉटिश रस्तेबांधणीकार दोनशे वर्षांपूर्वी सांगून गेला. आपण अजून मुरमाच्या ट्रिपा मोजतोय.

आडव्या लाटांचं म्हणाल तर त्या गाड्यांच्या वेगाने पडतात. टोरोंटो विद्यापीठाचे स्टीफन मॉरिस आणि सहकाऱ्यांनी वाळूच्या पट्ट्यावर चाक फिरवून हे दाखवलं, २००७ मध्ये. ठरावीक वेगाच्या वर गेलं की साध्या चाकाखालीही लाटा तयार होतात, स्प्रिंग असो नसो. कोरड्या दिवसात वरवर खरवडून खळगे भरले तर त्या लवकरच परत येतात. रस्ता ओला असताना लाटेच्या तळापर्यंत कापायचा, मग माल पसरायचा आणि दबाई करायची. मुरमात चिकट मातीचा थोडा अंश हवाच. नुसती धुतलेली खडी चाकाखाली पळते.

कागदी घोडा

वर्गणीच्या आधी खरेदीखत काढा. तुमचं एकटीचं नाही, वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या चार-पाच जणांचं. दोन गोष्टी शोधा: रस्त्याची जमीन आज कोणाच्या नावावर आहे, आणि देखभालीचा खर्च प्लॉटधारकाने द्यायचा असं कलम आहे का, जे पुढच्या खरेदीदारालाही बांधील आहे.

कलम असेल तर 'मी सभासद नाही' हा बचाव बराच लंगडा पडतो. कलम नसेल तर दोन्ही संघटना मागतायत ती निव्वळ ऐच्छिक वर्गणी, आणि जबरदस्तीची भाषा कोणी करू नये. मसुदे सगळ्यांचे सारखेच असतील असं धरू नका. आधी विकलेल्या प्लॉटांचा एक आणि नंतरच्यांचा दुसरा, असं पुष्कळदा असतं.

गेटचा नाद सोडा. ज्याला वहिवाटीचा हक्क आहे त्याची वाट पैशासाठी अडवली की थकबाकीदार बाजूलाच राहतो आणि कोर्टात उत्तर द्यायला संघटना उभी राहते. रात्री रुग्णवाहिका त्या गेटपाशी अडली तर काय, हाही विचार करा. वसुलीला नोटीस आणि दावा हाच रस्ता. मात्र नियम तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे बदलतात, तेव्हा जमिनीची कामं करणाऱ्या वकिलाला एकदा कागद दाखवाच.

तोंडावरची

मी अशाच एका वसाहतीत अगदी तोंडाशी राहते, म्हणून आमची बाजू. आमच्या दारावरून सगळ्यांच्या गाड्या जातात. धूळ आम्ही खातो. आणि वर तुम्ही म्हणता समान वर्गणी!

आमच्याकडे शेवटी असं ठरलं: रस्त्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याचा खर्च ज्यांना त्यावरून जावं लागतं त्यांच्यात वाटायचा.

शेवटचा प्लॉट

@तोंडावरची, धुळीचं पटलं. पण तुमच्या हिशेबाने आमचा शेवटचा तुकडा सहा घरांच्या बोकांडी बसतो. आणि सगळं पाणी नेमकं तिथेच उतरतं, वरच्या सगळ्या प्लॉटांचं!

रोलरमागचा

म्हणूनच निव्वळ तुकडेवारी चालत नाही. चर आणि मोऱ्या सगळ्यांच्या, कारण पाणी सगळ्यांचं. तो खर्च प्लॉटमागे सारखा, रिकाम्या प्लॉटलाही. रस्ताच नसेल तर त्या प्लॉटला गिऱ्हाईक कोण येणार? वरचा मुरूम आणि दबाई तेवढी तुकड्याप्रमाणे वाटा.

डंपरवाल्यांकडून बांधकाम सुरू होण्याआधी अनामत घ्या, आधी-नंतरचे फोटो ठेवा. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मुद्दाम ट्रक फिरवून चाचणी झाली होती. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की अॅक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर नुकसान साधारण सोळापट. तो डांबरी आणि काँक्रीट रस्त्यांवरचा आहे, मुरमाला तंतोतंत लावू नका, पण 'सगळ्यांएवढीच वर्गणी' या युक्तिवादाला उत्तर म्हणून पुरेसा आहे. पहिला जोराचा पाऊस झाल्यावर काही दिवस जड गाड्या बंद ठेवता आल्या तर उत्तम.

कागदी घोडा

दोन संघटना एक करायच्या फंदात पडू नका, त्यात वर्ष जाईल. फक्त रस्त्यापुरती समिती करा, दोन्हीकडचे सारखे लोक घ्या. बँक खातं वेगळं, सही दोघांची लागेल असं. बिलं आणि कामाचे फोटो दर महिन्याला सगळ्यांना पाठवायचे, कोणी मागायची वाट न बघता. तुमची संघटना हिशेबावरून फुटलीय, मुरमावरून नव्हे.

शेवटचा प्लॉट

सगळ्यांचे आभार. खरेदीखतं गोळा करायला लागते. बांध आणि चराचं काम श्रमदानातून सुरू करता येईल, त्याला कोणाची परवानगी लागू नये. एकच विचारायचं राहिलं: खालच्या वळणावर मोरी नाहीच. पाइप केवढा घ्यावा? एक जण हातभर रुंदीचा पुरे म्हणतोय.

रोलरमागचा

वरून किती क्षेत्राचं पाणी येतं त्यावर आहे, ते मोजल्याशिवाय आकडा देणार नाही. पण ४५० मिलिमीटरपेक्षा लहान घेऊच नका, पालापाचोळा अडकला तर साफ करता येत नाही. पाइपाचा तळ ओढ्याच्या तळाशी जुळवा, उतार द्या, दोन्ही तोंडांना दगड लावा आणि वर निदान एक फूट भर घाला, नाहीतर पहिला डंपर तो फोडेल. बांध काढाल तेव्हा ती माती चरात ढकलू नका, रस्त्याच्या मध्यावर ओढा. पाठ उंच करायला तीच लागणार आहे.