मदत हवी आहे: स्विचमधून काढलेल्या फ्लोचे आकडे एमआरटीजीशी जुळत नाहीत

रात्रपाळी_नेट
तातडीचं आहे. कॉलेजच्या मुख्य स्विचमधून नेटफ्लो (कोणी कोणाशी किती डेटा देवाणघेवाण केली याच्या नोंदी, म्हणजे फ्लो) काढून लिनक्स सर्व्हरवर घेतोय. डेटा येतोय, पण आकडे साफ चुकीचे. रात्री 9 ते 11 एमआरटीजीत (पोर्टवरच्या एकूण वाहतुकीचा आलेख काढणारं साधन) सरासरी 90 एमबीपीएस, नेटफ्लोत जेमतेम 2.8. सगळं करून पाहिलं, तीन रात्री यातच गेल्या. सोमवारी प्राचार्यांना दाखवायचंय की 100 ची लाइन होस्टेलला का पुरत नाही. कृपया लवकर सांगा.

केबलजोड
स्विच कोणता? मॉडेल नंबर? कलेक्टर (सर्व्हरवर फ्लो गोळा करणारा प्रोग्राम) कोणता? मॉनिटर (स्विचमधली फ्लोची मोजणी) कुठल्या पोर्टवर लावलाय? ‘सगळं करून पाहिलं’ यावरून काहीच कळत नाही हो.

घाटमाथा
नेटफ्लो सोडा, एसफ्लो घ्या, वाहतूक मोजायची दुसरी पद्धत. 2001 पासून त्याचा आरएफसी (इंटरनेट तंत्राचा जाहीर दस्तऐवज) आहे, 3176. स्विचवर भार पडत नाही, कॅशची (स्विचमध्ये फ्लो साठवून ठेवायची) भानगड नाही. आमच्याकडे सगळीकडे तेच आहे.

केबलजोड
@घाटमाथा, त्यांच्या स्विचमध्ये एसफ्लो आहे की नाही हे तरी आधी कळू द्या.

पहाटवारा
फायरवॉल तपासा. टीसीपीडम्पमध्ये (नेटवर्क कार्डवर आलेली पॅकेट दाखवणारं साधन) पॅकेट दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका, तो फायरवॉलच्या आधीच पाहतो. शिवाय आरपी फिल्टर असतो: पॅकेट ज्या कार्डवर आलं तिथून परतीचा मार्ग नसेल तर कर्नल ते गुपचूप टाकून देतो. टीसीपीडम्पमध्ये सगळं दिसतं आणि कलेक्टर रिकामा. माझा अख्खा आठवडा यात गेला होता.

रात्रपाळी_नेट
अहो, डेटा येतोय असं पहिल्याच ओळीत लिहिलंय! सिस्को 2960-एक्स, नेटफ्लो 9, पोर्ट 2055, कलेक्टर एनएफडम्प. मॉनिटर अपलिंकवर, म्हणजे इंटरनेटकडच्या पोर्टवर. कॉन्फिगमध्ये आणखी एक ओळ आहे, ‘मोड रँडम 1 आउट-ऑफ 32’. ती काढली तर मॉनिटर पोर्टवर लागतच नाही, म्हणून राहू दिली.

जुनी_रॅक
तुमचं उत्तर त्याच ओळीत आहे. 2960-एक्सवर पूर्ण नेटफ्लो नसतो, नेटफ्लो-लाइट असतो. तो सॅम्पलिंगशिवाय (ठरावीक पॅकेटांतलं एकच नमुना म्हणून मोजणं) चालत नाही आणि 32 त 1 हे त्यातलं सगळ्यात बारीक माप. म्हणजे 32 पॅकेटांतलं एकच मोजलं जातंय. 2.8 ला 32 ने गुणा: 89.6. तुमचे 90 सापडले.
एनएफकॅपडी (एनएफडम्पमधला फ्लो घेणारा प्रोग्राम) सुरू करताना एस पर्यायात 32 द्या, पुढचा गुणाकार तो करेल. जुन्या फायली हातानेच गुणाव्या लागतील.

घाटमाथा
म्हणजे शेवटी अंदाजच ना? त्यापेक्षा पोर्ट मिरर करा (त्यावरच्या वाहतुकीची नक्कल दुसऱ्या पोर्टवर घ्या), प्रत्येक पॅकेट हातात.

जुनी_रॅक
अंदाज खरा, पण किती पक्का ते मोजता येतं. एखाद्या गटाचे 10000 नमुने असतील तर चूक साधारण 2 टक्के, 100 च असतील तर 20 टक्क्यांपर्यंत. लाइन कशाने भरते हे सांगायला एवढं भरपूर झालं. आणि एसफ्लोसुद्धा सॅम्पलिंगच करतो, साहेब.

कोकणकडा
जरा वेगळा मुद्दा. हे आकडे दाखवून होस्टेलच्या एखाद्या पोराला धरू नका. फ्लोत पत्ते, पोर्ट आणि बाइट असतात, त्याने काय पाहिलं ते नसतं. त्यात 32 त 1 मध्ये छोटे फ्लो दिसतही नाहीत.

रात्रपाळी_नेट
@जुनी_रॅक, जुळलं! कालच्या फायली गुणल्या, दोन तासांची सरासरी 88 आली. मनापासून आभार. @कोकणकडा, कुणालाही धरायचं नाहीये. पोरांचे ऑनलाइन तास अडकतात, त्यांच्यासाठीच लाइन मागतोय. मात्र आलेखात मध्येच उंच सुळके येतात. तेही सॅम्पलिंगमुळेच का?

जुनी_रॅक
नाही, ते ॲक्टिव्ह टाइमआउटमुळे. तो मुळात 1800 सेकंद असतो. मोठं डाउनलोड चालू असेल तर स्विच अर्धा तास हिशोब स्वतःकडे ठेवतो आणि मग एकदम पाठवतो. 60 करा, सुळके बसतील.
आणि नेटफ्लो-लाइट फक्त आत येणारी वाहतूक मोजतो. अपलिंकवर लावलाय म्हणजे तुमच्याकडे फक्त डाउनलोड आहे. अपलोड हवं असेल तर होस्टेलकडच्या पोर्टांवरही मॉनिटर लावा.

रसदवाहक
सिस्कोचा 9200 स्विच घेतला तर सॅम्पलिंगची कटकट जाईल का? आमच्याकडे खरेदी चालू आहे.

केबलजोड
@रसदवाहक, लायसन्स कुठलं घेताय? त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे सरमिसळ होईल.

रात्रपाळी_नेट
टाइमआउट 60 केला. अपलोडचं खरंच लक्षात आलं नव्हतं. आज रात्री होस्टेलच्या चारही पोर्टांवर लावतो आणि उद्या आकडे इथेच टाकतो.