ग्राफिक्स ड्रायव्हर की मॉड? माइनक्राफ्ट बंद पडण्याचे कारण कसे ओळखावे

लोकमान्यनगरकर (इंदूर)
सर्वांना नमस्कार. माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स आणि एनव्हिडियाचे स्वतंत्र कार्ड असे दोन्ही आहेत. त्यावर मी माइनक्राफ्ट या गेमची जावा आवृत्ती (जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली) फॅब्रिक (मॉड चालवणारी यंत्रणा), सोडियम (गेमचा वेग वाढवणारा मॉड), आयरिस (शेडर चालवणारा मॉड), एक शेडर पॅक (प्रकाश-सावल्यांचे परिणाम देणारा) आणि इतर चाळीसेक मॉड (गेममध्ये बदल करणारे जोड-प्रोग्राम) घालून खेळतो. १.२०.४ वर सारे सुरळीत होते. १.२१ वर गेल्यापासून मात्र जगात प्रवेश करताच कधी स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते आणि गेम गोठतो, तर कधी गेम काहीही न सांगता नाहीसा होतो व लाँचर (गेम सुरू करून देणारा प्रोग्राम) उणे १०७३७४१८१९ हा एक्झिट कोड (गेम का बंद झाला ते सांगणारा क्रमांक) दाखवतो. शेडर बंद ठेवल्यास गेम बराच वेळ टिकतो. आर. एन. टी. मार्गावरील एका दुकानात लॅपटॉप दाखवला असता, रॅम वाढवा, नाहीतर विंडोज फॉर्मॅट करा, असे सांगण्यात आले. त्याच सुमारास विंडोजचे अपडेटही झाले होते. दोष ड्रायव्हरचा (विंडोज आणि ग्राफिक्स चिप यांना जोडणाऱ्या प्रोग्रामचा), मॉडचा की खरोखरच रॅमचा, हे खर्चात पडण्याआधी कसे ओळखावे?

जुना_खेळगडी (वडोदरा)
फॉर्मॅटची घाई करू नका आणि रॅमही विकत घेऊ नका. रॅम अपुरी पडली असती, तर लॉगमध्ये (गेमच्या नोंदींच्या फाइलमध्ये) बहुधा ‘आउट ऑफ मेमरी’ अशी स्पष्ट नोंद मिळाली असती. तुम्ही दिलेला कोड म्हणजे विंडोजचा ०एक्ससी००००००५, अर्थात प्रोग्रामने स्वतःच्या हक्काच्या नसलेल्या मेमरीला हात लावल्यामुळे विंडोजने तो बंद केला. मॉड जावामध्ये लिहिलेले असतात, आणि त्यांच्यात चूक असली की सहसा जावाच ती पकडून ‘क्रॅश-रिपोर्ट्स’ फोल्डरमध्ये अहवाल लिहून ठेवते. जावाच्या खालच्या थरात, म्हणजे मुख्यतः ड्रायव्हरमध्ये, काही कोसळले की गेमच्या मूळ फोल्डरमध्ये ‘एचएस-ईआरआर-पीआयडी’ या अक्षरांनी सुरू होणारी वेगळी फाइल तयार होते. ती नोटपॅडमध्ये उघडून अगदी वरच्या भागात ‘प्रॉब्लेमॅटिक फ्रेम’ या शब्दांखालची ओळ वाचा. तेथील डीएलएलचे (प्रोग्रामच्या सहायक फाइलचे) नाव ‘एनव्हीओजीएल’ने सुरू होत असेल तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर, ‘एटीआयओ’ने होत असेल तर एएमडीचा, आणि ‘आयजी’ने सुरू होऊन ‘आयसीडी६४’ने संपत असेल तर इंटेलचा.

स्क्रीन काळी होण्याबाबत इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीच्या सिस्टिम विभागात ४१०१ क्रमांकाची नोंद आहे का, तेही पाहा. ग्राफिक्स चिपने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही, तर विंडोज ती अडकली असे मानून ड्रायव्हर नव्याने सुरू करते. ही सोय व्हिस्टापासून आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) ही मुदत वाढवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण चिपला काम झेपत नसेल तर त्याने फक्त स्क्रीन जास्त वेळ गोठलेली राहते.

राजवाडा_६४ (इंदूर)
माझे मत थोडे वेगळे आहे. विंडोज अपडेट पुष्कळदा लॅपटॉप कंपनीने दिलेला ड्रायव्हर बदलून टाकते, तेव्हा डीडीयू (ड्रायव्हर पूर्णपणे काढणारा प्रोग्राम) वापरून दोन्ही ड्रायव्हर मुळापासून काढावेत आणि नव्याने टाकावेत. हे सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी गोष्टींसह सुरू करून) करावे आणि तेवढा वेळ इंटरनेट बंद ठेवावे. नाहीतर तुम्ही जुना काढेपर्यंत विंडोज स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर परत आणून बसवते.

जुना_खेळगडी (वडोदरा)
उपाय योग्य आहे, पण तो नंतरचा. आधी कोणता ड्रायव्हर कोसळतो ते कळू द्या, कारण सर्व काही एकदम बदलले तर गेम चालू झाला तरी नेमका कशाने चालू झाला हे समजणार नाही.

लोकमान्यनगरकर (इंदूर)
फाइल सापडली. ओळीत ‘आयजी’ने सुरू होणारे नाव आहे, म्हणजे इंटेल. ४१०१ च्या नोंदीही आहेत. मात्र विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये मी जावाला पूर्वीच एनव्हिडिया कार्ड नेमून दिले होते, आणि ती सेटिंग अजून तशीच दिसते.

जुना_खेळगडी (वडोदरा)
गाठ तिथेच आहे. ती सेटिंग ‘जावा’ या नावाला लागत नाही, ती एका ठराविक ठिकाणच्या ‘जावाडब्ल्यू’ फाइलला (गेम चालवणाऱ्या जावाच्या फाइलला) लागते. १.२०.४ ला जावा १७ पुरते, १.२०.५ पासून जावा २१ लागते, आणि लाँचर ती आपल्या वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून घेतो. तुम्ही नेमून दिलेली जुनी फाइल आता कोणी चालवतच नाही. नवी फाइल विंडोजच्या मर्जीने इंटेलवर चालते, आणि शेडरचा भार त्या चिपला झेपत नाही. गेम चालू असताना एफ३ दाबा. उजव्या बाजूला ज्या चिपचे नाव दिसेल, तीच काम करत आहे. मग टास्क मॅनेजरमध्ये त्या जावा प्रक्रियेवर उजवे क्लिक करून फाइलचे ठिकाण उघडा, आणि सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या मार्गाने नेमकी तीच फाइल जोडून ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा.

लोकमान्यनगरकर (इंदूर)
एफ३ वर आता एनव्हिडियाचे नाव दिसते, स्क्रीन काळी होत नाही आणि शेडरही चालतो. एक त्रास उरला आहे: गेममधील गावात शिरताना गेम कधीकधी बंद होतो, पण आता अहवाल ‘क्रॅश-रिपोर्ट्स’मध्ये मिळतो.

राजवाडा_६४ (इंदूर)
हा मात्र मॉडचा प्रकार दिसतो, ड्रायव्हरला हात लावू नका. अहवालात ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणाऱ्या शेवटच्या ओळीपासून खाली वाचत जा, तेथे एखाद्या मॉडचे नाव आढळले तर आधी तोच काढून पाहा. नाव आढळले नाही, तर निम्मे मॉड बाजूला काढा आणि गेम ज्या निम्म्यात कोसळेल त्याचे पुन्हा दोन भाग करा. चाळिसांतून एक हाती लागायला साधारण सहा फेऱ्या पुरतात. फॅब्रिक एपीआय आणि इतर लायब्ररी मॉड (बाकीचे मॉड ज्यांवर अवलंबून असतात ते) प्रत्येक फेरीत जागेवरच ठेवा, अन्यथा गेम भलत्याच कारणाने सुरू होणार नाही. ही चाचणी ‘सेव्ह्ज’ फोल्डरमधील जगाची प्रत करून त्या प्रतीवरच करा. मॉड काढून जग उघडले की त्या मॉडने आणलेले ठोकळे आणि पेट्यांमधील वस्तू जगातून पुसल्या जातात, आणि नंतर मॉड परत घातला तरी त्या येत नाहीत.