तुमचं गीत दुसऱ्याने म्हटलंय का कधी? (अनुभव धागा)

जुनी_वही
कपाट आवरताना जुनं गायनपुस्तक हाती लागलं. एका पानाचा कोपरा दुमडलेला. मी पुस्तकांची पानं कधीच दुमडत नाही, त्यामुळे हे कोणाचं काम ते लगेच आठवलं.

आमचं बाळ गेल्यावर अकरा महिने मी चर्चमध्ये उपासनेला गेले नाही. घरी प्रार्थनेला बसले तरी "हे प्रभू"च्या पुढे शब्द नाही. मग एका रविवारी गेले, अगदी मागच्या बाकावर. गीत सुरू झालं आणि मला पुस्तकसुद्धा उघडता येईना. शेजारच्या काकूंनी ते माझ्या हातातून घेतलं, पान काढलं, मिटू नये म्हणून कोपरा दुमडला आणि गीत संपेपर्यंत माझ्यासमोर धरून ठेवलं. निघताना एवढंच म्हणाल्या, "तू नको म्हणूस. तुझं आम्ही म्हणतो."

सहभागितेवर प्रवचनं भरपूर ऐकली होती. कळली त्या दिवशी. तुमचंही लिहा. मंडळीने, म्हणजे आपल्या चर्चच्या माणसांनी, सावरलं ते लिहा, नाही सावरलं तेही लिहा.

खुर्चीवाला
ताई, सकाळी सकाळी रडवलंत.
माझा अनुभव साधा आहे. तरुण संघात दोन वर्षं फक्त खुर्च्या मांडल्या आणि उचलल्या. प्रार्थना मोठ्याने करायची लाज वाटायची, म्हणून हे काम पत्करलं. आजही माझे जिवाभावाचे तिघं मित्र आहेत ते त्या खुर्च्यांमुळेच.

मागचा_दरवाजा
नाही सावरलं ते लिहिते. माझं लग्न मोडत होतं तेव्हा एकीला विश्वासाने सांगितलं. आठवड्याभरात सगळ्यांना माहीत. प्रत्येकीने पुढचीला सांगताना सुरुवात एकच केली होती, "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं". दोन वर्षं त्या दारात पाऊल ठेवलं नाही. आता दुसरीकडे जाते, पण प्रार्थनेचा विषय विचारला की "प्रवास सुखरूप व्हावा" इतकंच सांगते. प्रवास नसला तरी.

आल्टो_नको
"प्रवास सुखरूप" 😂 सॉरी, हसू नये. पण आमच्या गायकमंडळातही हेच. सूर कोणता घ्यायचा यावरून दोघी तीन महिने बोलत नव्हत्या, आणि गीत होतं शांतीवरचं! त्यातली एक मीच. बरोबर मीच होते हे जाता जाता नोंदवते.

मूकवाचक
@मागचा_दरवाजा, जर्मन धर्मपंडित बोनहॉफर फिंकनवाल्ड या गावी पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, तयार करायचे (1935 ते 37, मग गेस्टापोने, नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ते बंद पाडलं). तिथे एक नियम होता. गैरहजर भावाबद्दल बोलायचं नाही, आणि बोललं गेलंच तर नंतर त्याला जाऊन सांगायचं. तो नियम मोडला जायचाच. पण "काल तुझ्याबद्दल असं बोललो" हे तोंडावर सांगायला लागलं की माणूस आपोआप गप्प व्हायला शिकतो.

मागचा_दरवाजा
हा नियम आमच्याकडे लावला तर अर्ध्या मंडळीला रविवारभर रांगेत उभं राहावं लागेल.

वर्गणीदादा
मी मंडळीची वर्गणी गोळा करतो, त्यामुळे मला पाहून लोक रस्ता बदलतात. एकदा पाळकांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची गोष्ट सांगितली. 1742 साली तिथल्या मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांवर इमारतीचं कर्ज होतं. ठरलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि बाराजणांमागे एकाने ती गोळा करायची. तो घरोघर गेला तर पेनीच्या आधी कळायला लागलं, कोण आजारी आहे, कोणाच्या घरी भांडण आहे. त्यातूनच त्यांचे 'क्लास', म्हणजे एकमेकांची विचारपूस करणारे छोटे गट, उभे राहिले. तेव्हापासून मी पावतीपुस्तक काढायच्या आधी बसतो. एका घरी सव्वा तास बसलो. वर्गणी मागायची राहिलीच.

खुर्चीवाला
दादा, आमच्याकडे या. वर्गणी विसरणारा माणूस हवाच होता.

खिडकीपाशी
मोबाईलवर एका बोटाने लिहितोय, चुका पोटात घाला. सहा वर्षं अंथरुणावर आहे. उपासना फोनवर पाहतो, पण प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत वाटून घ्यायची भाकर आणि द्राक्षरस, पडद्यातून येत नाही. महिन्यातून एकदा दोघं घरी घेऊन येतात. मी म्हणायचो, माझ्या एकट्यासाठी कशाला हा त्रास. त्यांनी सांगितलं की दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाच्या लिखाणातही हे आहे, हजर नसलेल्यांकडे सेवक भाकर पोहोचवत. म्हणजे माझी गैरहजेरी फार जुनी आहे.

जुनी_वही
काका, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं.

मूकवाचक
बायबलात मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षघाती, म्हणजे लकवा झालेला माणूस, आठवा. त्याचा स्वतःचा विश्वास किती होता, तिथे वेगळं काही लिहिलेलं नाही. चौघांनी छप्पर उसवून बाज खाली सोडली आणि येशूने "त्यांचा विश्वास पाहून" क्षमा केली. माझे काही महिने असेच गेले, बाजेवर. मी तेव्हा काय मानत होतो ते विचारू नका. चौघं मानत होते. त्यातला एक तर मला आवडायचाही नाही.

आल्टो_नको
पण मग ते छप्पर दुरुस्त कोणी केलं??

खुर्चीवाला
आमच्यासारख्यांनीच. दुसरं कोण.

मागचा_दरवाजा
@मूकवाचक, त्या न आवडणाऱ्याचं पुढे काय झालं?

मूकवाचक
अजूनही आवडत नाही. दर बुधवारी फोन करतो. उचलतो मी.

आल्टो_नको
@जुनी_वही ताई, ते गीत कोणतं होतं? या रविवारी घेऊ. सूर तुम्ही सांगाल तो, शपथ.

जुनी_वही
तेच बघायला पुस्तक परत काढलं. नीट पाहिलं तर दुमडलेली पानं दोन निघाली. दुसरं कोणी आणि कधी दुमडलं, काही आठवत नाही. बाहेर कपडे वाळत आहेत, आभाळ भरून आलंय. आधी ते काढते, मग दोन्ही गीतं लिहून पाठवते.