मदत हवी आहे: डीजी (डिझेल जनरेटर) चालू झाला तरी यूपीएस बॅटरीवरच राहतो (भोसरी एमआयडीसी)

भोसरीचा_टूलरूमवाला | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, तातडीने मदत हवी आहे. ४० केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस आहे, थ्री फेज इन, थ्री फेज आउट. तीन वर्षांत एक दिवस त्रास दिला नाही. आता लाईट गेली की डीजी चालू करतो, शॉपमधलं बाकी सगळं चालतं, पण यूपीएस डीजी घेतच नाही. बॅटरीवर बसून ओरडत राहतो आणि पंधरा मिनिटांत सगळं बंद. लाईट परत आली की लगेच नॉर्मल.

शनिवारी व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन) फिनिशिंग कट चालू असताना असाच बंद पडला. पी-२० स्टीलचा कोअर (मोल्डचा आतला भाग) होता, एकोणीस तासांचं मशीनिंग झालेलं. झेड (स्पिंडलचा उभा अक्ष) किंचित खाली बसला आणि बॉल नोज कटर जिथे थांबला तिथे नखाला लागेल एवढा खड्डा पडलाय. गिऱ्हाईक चाकणचं, शुक्रवारी माल द्यायचाय. परतीचा पाऊस रोज संध्याकाळी येतोय आणि पावसाबरोबर लाईट जातेय. सर्व्हिसवाल्यांना तीन फोन झाले, "इंजिनिअर पाठवतो" एवढंच उत्तर. मेक लिहीत नाही, उगाच वाद नको.

डीजीचं व्होल्टेज मी स्वतः मोजलंय. ४१२, ४१४, ४११. सगळं बरोबर आहे. मग घेत का नाही?

चाकण_मेंटेनन्स | सोमवार, रात्री ११:०५

डीजी किती केव्हीएचा? यूपीएसवर लोड किती टक्के? चेंजओव्हर (लाईट-डीजी बदलायचा स्विच) ऑटो की हाताचा? डिस्प्लेवर नेमके शब्द काय येतात? फ्रिक्वेन्सी मोजली का? हे सांगितल्याशिवाय कुणी काही सांगू शकणार नाही.

ऊर्जापर्व | सोमवार, रात्री ११:२०

तीन वर्षं जुन्या एसएमएफ (सीलबंद लेड-अ‍ॅसिड) बॅटऱ्या म्हणजे त्यांचं आयुष्य संपत आलंय. लिथियम आयर्न फॉस्फेट लावा. वजन निम्म्याहून कमी, जागा कमी, उन्हाळ्यातही टिकतात. पंधरा मिनिटांऐवजी तासभर बॅकअप घ्या, डीजीची भानगडच नको. मी स्वतः दोन ठिकाणी लावून दिलंय.

जुना_वायरमन | मंगळवार, सकाळी ६:१५

अर्थिंग तपासा. नव्वद टक्के तक्रारी अर्थिंगच्या असतात. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर यूपीएसला दोष देऊ नका. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून किती दिवस झाले? पाणी घालता का? डीजीच्या न्यूट्रलला वेगळं अर्थिंग आहे का?

भोसरीचा_टूलरूमवाला | मंगळवार, सकाळी ८:३०

डीजी ६२.५ केव्हीए. यूपीएसवर लोड ४५ टक्के. चेंजओव्हर हाताचा, फोर पोल. अर्थिंग मागच्या वर्षी नवीन केलंय, न्यूट्रल-अर्थ १.२ व्होल्ट. डिस्प्लेवर "इनपुट अबनॉर्मल" आणि "बायपास अबनॉर्मल" दोन्ही येतात. फ्रिक्वेन्सी डीजीच्या पॅनेलवर ५१ च्या आसपास दिसते.

लिथियमचं नंतर बघू साहेब, आत्ता जॉब अडकलाय.

रांजणगाव_प्लांट | मंगळवार, सकाळी ९:१०

डीजी लहान पडतोय. यूपीएसच्या दुप्पट डीजी लागतो, हा सरळ नियम आहे. ४० ला ८० हवा, वर तुमचं बाकीचं शॉप. यूपीएसचा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) लाईन खराब करतो, त्यामुळे डीजीचा एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारा भाग) गोंधळतो, व्होल्टेज हलतं आणि यूपीएस परत बॅटरीवर जातो. आमच्याकडे हेच झालं होतं, डीजी बदलला तेव्हा सुटलं.

पॅनेलवाली | मंगळवार, सकाळी ९:४५

दुपटीचा नियम जुन्या थायरिस्टर रेक्टिफायरचा आहे हो. त्याच्या सिक्स पल्स सर्किटमध्ये हार्मोनिक (करंटमधली विकृती) भरपूर, तिथे तो बरोबरच होता. तीन वर्षांपूर्वीचा यूपीएस म्हणजे बहुतेक आयजीबीटी (ट्रान्झिस्टरवाला नवा) रेक्टिफायर, त्याचा करंट जवळपास स्वच्छ असतो, सव्वा ते दीडपट डीजी पुरतो. आणि इथे लोड ४५ टक्केच आहे.

मुख्य म्हणजे हाच डीजी, हाच यूपीएस तीन वर्षं चालत होता. डीजी लहान असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. टूलरूमवाले, मधे काय बदललं ते सांगा. आणि यूपीएस एकदा डीजी घेऊन परत सोडतो, की एक सेकंदही घेत नाही?

भोसरीचा_टूलरूमवाला | मंगळवार, सकाळी १०:०२

एक सेकंदही घेत नाही. बदललं काहीच नाही.

हडपसरचा_सीएनसी | मंगळवार, सकाळी ११:३०

मुळात व्हीएमसी यूपीएसवर टाकलीच कशाला? स्पिंडल ८००० वरून थांबतो तेव्हा ड्राइव्ह ती ऊर्जा लाईनमध्ये परत ढकलतो. लाईनला काही वाटत नाही, यूपीएसला ती पचत नाही. त्याच्या आतल्या डीसी बसचं (डीसी लाईनचं) व्होल्टेज वर जातं आणि तो ट्रिप मारतो. आम्ही फक्त कंट्रोलर आणि सीएमएम (मोजमापाचं मशीन) यूपीएसवर ठेवलेत.

चाकण_मेंटेनन्स | मंगळवार, दुपारी १२:१५

कंट्रोलर जिवंत ठेवून ड्राइव्ह मेला तर कट तर थांबणारच. मोल्डच्या फिनिशिंगला त्याचा उपयोग काय? यूपीएस मोठा घेतला, ब्रेकिंग रेझिस्टरवाला (ती ऊर्जा जाळून टाकणारा) ड्राइव्ह असला, तर व्हीएमसी छान चालते. माझ्याकडे सहा वर्षं चालतेय. शिवाय त्यांचा यूपीएस ट्रिप होतच नाहीये, बॅटरी संपेपर्यंत चालतोय. प्रश्न वाचा आधी.

हडपसरचा_सीएनसी | मंगळवार, दुपारी १२:४०

वाचलाय. पुढच्या वेळी डीसी बसला दणका बसेल तेव्हा आठवण होईल म्हणून सांगितलं.

धायरी_क्लिनिक | मंगळवार, दुपारी १:२०

इथेच विचारते, माझ्या दवाखान्यात लसींचा फ्रिज, दोन कॉम्प्युटर आणि ऑटोक्लेव्ह आहे. किती व्हीएचा यूपीएस घेऊ?

चाकण_मेंटेनन्स | मंगळवार, दुपारी १:३५

डॉक्टर, ऑटोक्लेव्ह अजिबात टाकू नका, हीटर आहे तो. बाकीचं वेगळा धागा काढून विचारा, सांगतो.

भोसरीचा_टूलरूमवाला | मंगळवार, संध्याकाळी ५:५०

आज परत तेच झालं. बदललं काही नाही असं लिहिलं होतं, पण आमचा सेटर म्हणाला, गणपतीनंतर डीजीच्या अल्टरनेटरचं (वीज तयार करणाऱ्या भागाचं) बेअरिंग बदललं होतं. आवाज करत होता म्हणून. पण त्यानंतर डीजी उत्तम चालतोय, व्होल्टेजही बरोबर आहे, त्यामुळे त्याचा संबंध नसावा.

पॅनेलवाली | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

हेच हवं होतं! बेअरिंग काढताना टर्मिनल बॉक्समधल्या केबल सोडल्या असणार. परत लावताना आर, वाय, बी (लाल, पिवळी, निळी) फेजचा क्रम बदलला असेल तर मल्टिमीटरला ते दिसणार नाही. कुठल्याही दोन फेजमध्ये ४१२ च येणार.

थेट डीजीवर चालणारी, यूपीएसवर नसलेली एखादी थ्री फेज मोटर आहे का? पंप, एक्झॉस्ट फॅन, काहीही. लाईटवर ती कशी फिरते आणि डीजीवर कशी, एवढं बघा.

भोसरीचा_टूलरूमवाला | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

मागच्या भिंतीला मोठा एक्झॉस्ट फॅन आहे, थ्री फेज. हेल्परला विचारलं. तो म्हणाला, "दादा, डीजीवर तो धूळ आत टाकतो, म्हणून मी बंदच ठेवतो." पंधरा दिवस त्याला माहीत होतं, मला कुणी बोललं नाही.

आत्ता डीजी चालू करून जाळीसमोर चलानाचा कागद धरला. लाईटवर कागद जाळीला चिकटून बसतो. डीजीवर कागद हातातून उडून माझ्या छातीवर आला.

पॅनेलवाली | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

सापडलं. डीजीचा फेज सीक्वेन्स उलटा आहे. आयजीबीटी रेक्टिफायर तिन्ही फेजचा क्रम धरूनच चालतो, उलटा दिसला की चालूच होत नाही. बायपासचं तर आणखी गंभीर आहे. बायपास म्हणजे लोड थेट डीजीवर. तेव्हा क्रम उलटा असेल तर व्हीएमसीचा कूलंट पंप, हायड्रॉलिक पॅक सगळं उलटं फिरेल. म्हणून दोन्ही अलार्म एकदम येतायत. यूपीएसच्या मेनूत इव्हेंट लॉग असतो, त्यात सीक्वेन्सचा शब्द सापडेल. तुमचा यूपीएस शहाणा आहे, त्याने मशीन वाचवलं.

रांजणगाव_प्लांट | मंगळवार, रात्री ८:१०

मग सोपं आहे. यूपीएसच्या इनपुटला दोन वायरी अदलाबदल करा, पाच मिनिटांचं काम.

पॅनेलवाली | मंगळवार, रात्री ८:१४

नाही! तिथे अजिबात हात लावू नका. यूपीएसच्या इनपुटला बदललंत तर डीजीवर चालेल आणि लाईटवर बंद पडेल, कारण तिथे दोन्ही सप्लाय एकाच वायरने येतात. आणि फॅन उलटाच राहील. बदल डीजीच्या बाजूलाच हवा, अल्टरनेटरच्या टर्मिनलवर किंवा चेंजओव्हरच्या डीजीकडच्या टोकांवर.

रांजणगाव_प्लांट | मंगळवार, रात्री ८:३०

बरोबर आहे, घाईत लिहिलं. चेंजओव्हरच्या आधी बदला.

जुना_वायरमन | मंगळवार, रात्री ९:००

मुला, हे काम स्वतः करू नकोस, लायसन्सवाला माणूस बोलाव. डीजी बंद, किल्ली खिशात, आणि इंजिनच्या बॅटरीचं टर्मिनल काढून ठेव, म्हणजे कुणी चुकून स्टार्टर मारणार नाही. लाईटचा आयसोलेटर पाडून कुलूप. मग टेस्टरवर विश्वास न ठेवता मीटरने शून्य बघ. फक्त दोन फेज बदलायच्या, न्यूट्रलला हात नाही. न्यूट्रलच्या जागी फेज बसली तर तीनपैकी दोन फेजवरच्या सिंगल फेजच्या वस्तूंवर ४१५ जाईल, त्या जळून जातील. केबलच्या टोकांचे लग्ज नीट दाबून घे, सैल लग गरम होऊन जळतो.

यूपीएस उघडायला लागू नकोस. ३२ बॅटऱ्या असतील तर फ्लोटवर (पूर्ण चार्ज असताना) ४३५ व्होल्ट डीसी असतं. एवढं डीसी जीव घेऊ शकतं. मी एका माणसाचा हात बघितलाय.

सदाशिवपेठी | मंगळवार, रात्री ९:४०

डीजीचा विषय निघाला म्हणून आठवलं. २००६ साली पुण्यात लोडशेडिंग टाळण्यासाठी कारखान्यांनी गर्दीच्या वेळी स्वतःचे डीजी चालवले आणि त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांच्या बिलातून वसूल झाला. पुणे मॉडेल म्हणत त्याला. तेव्हा आम्ही चिंचवडच्या प्लांटमध्ये रोज संध्याकाळी सेट सिंक्रोनाइझ करायचो (एकमेकांशी जुळवून जोडायचो). फेजचा क्रम जुळल्याशिवाय ब्रेकर मारायचा नाही, हे तिथेच अंगात मुरलं.

ऊर्जापर्व | मंगळवार, रात्री १०:१५

तरीही बॅटऱ्यांकडे बघाच. १२ व्होल्ट ४२ एएच (अँपिअर-अवर) असतील तर या लोडला नव्या असताना पंचवीस मिनिटं तरी मिळायला हवी होती. पंधरा मिळतायत. बॅटऱ्या ठेवल्यात कुठे?

भोसरीचा_टूलरूमवाला | मंगळवार, रात्री १०:३०

४२ एएचच आहेत, ३२. पोटमाळ्यावर आहेत, पत्र्याखाली.

ऊर्जापर्व | मंगळवार, रात्री १०:३६

तिथेच घोटाळा आहे. २५ डिग्रीच्या वर दर दहा डिग्रीला आयुष्य निम्मं होतं. पत्र्याखाली मे महिन्यात चाळिशी ओलांडत असणार. खाली आणा. आणि डिस्चार्ज चालू असताना प्रत्येक बॅटरी वेगळी मोजून घ्या, एखादीच बसलेली असते आणि अख्खी माळ खाली ओढते.

भोसरीचा_टूलरूमवाला | गुरुवार, संध्याकाळी ६:४५

आज एमआयडीसीची सुट्टी, शॉप बंद ठेवून काम केलं. लायसन्सवाला वायरमन आला, त्याने अल्टरनेटरचा टर्मिनल बॉक्स उघडला. वाय आणि बी च्या केबल एकमेकींच्या जागी होत्या. पिवळ्या स्लीव्हवर ग्रीस लागून ती काळी झाली होती, मेकॅनिकला रंग कळलाच नसणार. त्या बदलल्या, फेज सीक्वेन्स मीटर लावून खात्री केली. एक्झॉस्ट फॅन आता हवा बाहेर टाकतो. कागद परत धरून बघितला.

मग लाईटचा आयसोलेटर पाडून डीजीवर घेतलं. यूपीएसने लोड हळूहळू डीजीवर घेतला, बॅटरीचा दिवा गेला. इव्हेंट लॉगमध्ये पॅनेलवाली ताई म्हणाल्या तोच शब्द होता, सतरा वेळा.

एक गोष्ट राहिली. "बायपास अबनॉर्मल" पहिली मिनिट-दोन मिनिटं तसाच राहतो. शॉपचा लोड पडला की जातो.

पॅनेलवाली | गुरुवार, संध्याकाळी ७:१०

छान! ती आता फ्रिक्वेन्सीची गोष्ट आहे. मेकॅनिकल गव्हर्नरवाला (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) डीजी रिकामा असताना ५२ च्या आसपास धावतो आणि लोड पडला की ५० वर येतो. रेक्टिफायरला ते चालतं, पण बायपासची खिडकी (फ्रिक्वेन्सीत किती फरक चालतो ते) अरुंद असते, बहुधा एक हर्ट्झ. डीजी मेकॅनिककडून गव्हर्नर थोडा खाली घेऊन पूर्ण लोडवर किती राहते ते बघा. तरी अलार्म राहिला तर सर्व्हिस इंजिनिअरकडून खिडकी दोन हर्ट्झ करून घ्या. आणि डीजीवर असताना चार्जिंग करंट कमी ठेवायची सेटिंग असेल तर तीही चालू करा.

भोसरीचा_टूलरूमवाला | गुरुवार, रात्री ८:२०

करतो. ऊर्जापर्व, तुमचंही ऐकलं. वायरमनला रबरी हातमोजे घालून डिस्चार्जवर एकेक बॅटरी मोजायला लावली. एकतीस बॅटऱ्या ११.९ ते १२.१, आणि एकवीस नंबरची ९.८. पोट फुगलंय तिचं. एकच बदलू की सगळ्या?

ऊर्जापर्व | गुरुवार, रात्री ८:४०

सगळ्या. जुन्या माळेत नवी बॅटरी घातली तर तिचं चार्जिंग बिघडतं.

चाकण_मेंटेनन्स | गुरुवार, रात्री ८:५५

तत्त्व बरोबर, पण उद्या डिलिव्हरी आहे माणसाची. आत्ता त्याच मेकची, त्याच एएचची एक टाका, फुगलेली आधी बाहेर काढा, ती गरम होऊन फाटू शकते. माळ खाली आणा आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आधी पूर्ण सेटचे पैसे बाजूला ठेवा. कोअरचं काय झालं?

भोसरीचा_टूलरूमवाला | गुरुवार, रात्री ९:३०

एकवीस नंबरची लगेच बदलून घेतली, जुनी काढून बाहेर शेडमध्ये ठेवली आहे. कोअरला लेझर वेल्डिंग करून घेतलं, आत्ता तोच परत मशीनवर आहे. अजून सहा तास. बाहेर पाऊस सुरू झालाय, सेटर डीजीपाशी बसलाय. टर्मिनल बॉक्सच्या झाकणावर आर वाय बी रंगाने लिहून घेतलंय.