४० एचपी मशीन फुल थ्रॉटलला धापा टाकतं, हळू चालवलं की ठीक

करलीकाठ:
फायबर होडी, २२ फुटी. मागे ४० एचपीचं टू-स्ट्रोक मशीन, दोन सिलिंडर, २५ लिटरची सुटी टाकी. तेल ५०:१, म्हणजे टाकीला अर्धा लिटर. पावसाळ्यात होडी वर ओढलेली होती, आता पाण्यात घातली तर हा प्रकार: स्टार्ट एका ओढीत, आयडल छान, ३००० आरपीएमपर्यंत तक्रार नाही. पूर्ण थ्रॉटल दिला की ४८०० पर्यंत चढतं, साधारण दीड मिनिटाने आवाज बसतो आणि हळूहळू २५०० वर येतं. थ्रॉटल कमी करून अर्धा मिनिट थांबलं की परत पळतं, परत दीड मिनिटाने तेच. प्लग नवे आहेत. मशीन गार ठेवणाऱ्या पाण्याची धार जोरात आहे. किनाऱ्यावर ड्रममध्ये रेस केलं तर काहीच दोष दिसत नाही. एक मेकॅनिक म्हणतो कॉइल गेली, दुसरा म्हणतो कार्ब्युरेटर खोल. आधी काय करू?

जेट_नंबर:
दादा, दोन्ही नको. आधी पेट्रोल पोचतंय का ते बघा, त्याला पैसे लागत नाहीत.

४० एचपीचं टू-स्ट्रोक फुल थ्रॉटलला तासाला १५ ते २० लिटर पितं, म्हणजे मिनिटाला पाव लिटरच्या वर. आयडलला त्याचा किरकोळ भाग लागतो. त्यामुळे नळीत कुठे अर्धा अडथळा असला तरी हळू चालताना कळतच नाही. वेगात मात्र कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल भरण्यापेक्षा लवकर संपतं. थोडं थांबलात की वाटी परत भरते. तुमचं दीड मिनिट आणि अर्धा मिनिट हे गणित नेमकं तसंच दिसतंय. ड्रममध्ये लोड नसतो, म्हणून तिथे कधीच सापडणार नाही.

चाचणी खोल पाण्यात, दोन माणसं घेऊन करा. सुकाणूवाल्याच्या मनगटाला किल स्विचची (मशीन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी हवीच. फुल थ्रॉटल द्या, आणि मशीन बसायला लागलं की दुसऱ्याने नळीवरचा रबरी फुगा हातात धरायचा. आधी नुसता चाचपायचा, मग दाबायचा.

फुगा चपटा झाला असेल तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला. झाकणावरचा हवेचा स्क्रू, टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी, टाकीकडचं कनेक्टर किंवा ती नळीच.
फुगा गोल पण मऊ असेल आणि दाबत राहिल्यावर मशीन उचलत असेल, तर मशीनवरचा फ्युएल पंप कमजोर आहे किंवा कुठूनतरी हवा ओढली जातेय.
फुगा कडक आहे, दाबूनही काही फरक नाही, तर पेट्रोल कार्ब्युरेटरच्या दारात आलेलं आहे. मग कार्ब्युरेटर खोलून आतले मेन जेट, नीडल व्हॉल्व्ह, फ्लोटची उंची बघा. तेही ठीक निघालं तरच इग्निशन.

एक गोष्ट आजपासून पाळा: दोष सापडेपर्यंत चाचणी सोडून फुल थ्रॉटल देऊ नका, आणि चाचणीही दोन-तीनदाच. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी आणि मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होऊन पिस्टन तापतो. पाचशेची नळी वाचवायला जाऊन पिस्टन-रिंग बसवायची वेळ येते.

रेती_बंदर:
जेट_नंबर यांचं पटतं, पण कॉइलला इतक्यात सोडू नका. तापल्यावर कॉइल दगा देते तेव्हाही आधी चांगलं आणि नंतर वाईट असंच दिसतं.

जेट_नंबर:
दिसतं, पण चाल वेगळी. कॉइल किंवा स्टेटरने (इग्निशनला वीज देणाऱ्या गुंडाळीने) दगा दिला की स्पार्क झटक्यात जातो. टॅकोमीटरचा काटा एकदम पडतो किंवा थरथरतो, मशीन एका सिलिंडरवर आल्याचा आवाज येतो. शिवाय तापलेली कॉइल गार व्हायला दहा-पंधरा मिनिटं घेते, अर्ध्या मिनिटात सावरत नाही. इथे काटा हळूहळू उतरतोय.

तरी शंका असेल तर इंडक्टिव्ह टायमिंग लाइट (प्रत्येक स्पार्कला चमकणारा दिवा) एकेका प्लगच्या वायरला लावून वेगात बघा. फ्लॅश तुटला तर त्या सिलिंडरचा स्पार्क तुटतोय. वेगात असताना प्लगची कॅप ओढून बघण्याची सवय मात्र सोडा. सीडीआयवर (स्पार्क देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटवर) वायर मोकळी राहिली की युनिटच जळू शकतं, आणि हाताला बसणारा झटका वेगळाच.

रेती_बंदर:
टायमिंग लाइट नसेल तर प्लग वाचा. फुल थ्रॉटलला बसायला लागल्याक्षणी किल स्विचने बंद करायचं. आयडलवर आणून बंद केलं तर वाचन खोटं येतं. दोन्ही प्लग पांढरे, कोरडे असतील तर पेट्रोल कमी. एक तपकिरी आणि दुसरा काळा-ओला असेल तर ओल्या सिलिंडरला स्पार्क नाही. प्लग काढलेच आहेत तर कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या: दोन्ही प्लग बाहेर, किल स्विचची दोरी काढलेली, प्लगच्या वायरी अर्थ केलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा, पाच-सहा ओढी. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

करलीकाठ:
आज केलं. फुगा पार चपटा, दोन बाजू एकमेकींना चिकटलेल्या! दोन्ही प्लग पांढरट. कॉम्प्रेशनमध्ये चार टक्क्यांचा फरक. झाकणाचा हवेचा स्क्रू पूर्ण उघडा होता. झाकणच सैल करून पाहिलं, फरक नाही. टाकीतली जाळी काढली, स्वच्छ आहे. शेजारच्याची टाकी त्याच्याच नळीसकट लावली तर दहा मिनिटं फुल थ्रॉटल, एकदाही बसलं नाही.

जेट_नंबर:
म्हणजे मशीन निर्दोष. आता तुमची टाकी आणि त्यांची नळी जोडून बघा, आणि चाललं तर तुमची नळी फेकायची. बाहेरून ती चांगली दिसेल. पण उघडी चिरून बघा: आतलं अस्तर सुटून झडपेसारखं झालेलं असतं. हळू ओढलं तर पेट्रोल जातं, जोरात ओढलं की अस्तर आत येऊन वाट बंद. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, जुन्या नळ्यांना ते सोसत नाही. पाण्याची किंवा बागेची नळी आणू नका, मरीन फ्युएल होजच घ्या. आतला व्यास मशीनच्या पाइपाइतका, तुमच्या आकाराला बहुतेक १० मिमी. फुगाही नवा, बाण मशीनकडे. दोन्ही टोकांना स्टेनलेस क्लॅम्प, आणि कनेक्टरमधली ओ-रिंग बदला, नाहीतर तिथून हवा ओढेल. जुन्या अस्तराचे तुकडे पुढे गेले असतील, म्हणून मशीनवरचा फिल्टर आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) उघडून बघाच. डायफ्रॅम हातात कडक लागला तर तोही गेला.

खारं_वारं:
पेट्रोल पावसाळ्यातलंच आहे का? असेल तर काचेच्या बाटलीत टाकीच्या तळातलं काढून अर्धा तास ठेवा. इथेनॉल दमट हवेतलं पाणी शोषतं आणि मर्यादा ओलांडली की दोन थर होतात. खाली पाणी-इथेनॉल, वर पेट्रोल. तेल वरच्या थरात राहतं आणि नळी ओढते तळातून, म्हणजे मशीनला तेलाशिवायचा थर. थर दिसला तर ते पेट्रोल गाळून किंवा नव्यात मिसळून वाचवायला जाऊ नका. पुढच्या वर्षी होडी वर काढताना टाकी रिकामी करा, नळी काढा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत आयडलवर चालवा.

करलीकाठ:
नळी, फुगा, ओ-रिंग बदलली. चिरून पाहिलं, अस्तर खरोखरच जिभेसारखं लोंबत होतं. पेट्रोलमध्येही तळाला बोटभर थर निघाला, ते सगळं टाकलं. डायफ्रॅम मऊ आहे. आता बसत नाही. एकटा असताना ४८००, पण आठ माणसं घेतली की ४१०० च्या वर चढत नाही. हे निराळं काही आहे का?

रेती_बंदर:
निराळं आहे. मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलची मर्यादा बघा, या आकाराच्या टू-स्ट्रोकला सहसा ४५०० ते ५५०० असते. भरल्या होडीत ४१०० म्हणजे मशीनवर ओझं जास्त, चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी दामटण्यातला प्रकार. आधी होडीचा तळ खरवडा, शेवाळ-शिंपल्या असतील तर दोन-तीनशे आरपीएम तिथेच जातात. पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत आहे का बघा, खूप खाली असली तरी ओढ वाढते. मग पंखा. पिच (पंखा एका फेरीत जितकं पुढे सरकतो ते अंतर) एक इंच कमी केला की साधारण २०० आरपीएम वाढतात. दोन इंच कमी घेतलात तर भरलेली असताना ४५००, एकटे असताना ५२००, दोन्ही मर्यादेत. आता लावलेल्या पंख्यावर पिच कोरलेला असतो, तो आकडा इथे टाका.

करलीकाठ:
१३ आहे. तळ उद्या ओहोटीला घासतो, मग ११ चा बघतो.