११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचे अणू किती? कधी गुणायचं, कधी भागायचं?

कळव्याची आई
मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. वरचं गणित तिने असं केलं: ११ भागिले ४४ (एका मोलचे ग्रॅम), म्हणजे ०.२५ मोल. त्याला ६.०२२ × १०^२३ ने (एका मोलमधले कण) गुणून १.५०६ × १०^२३. पुस्तकामागे उत्तर ३.०११ × १०^२३ आहे. क्लासमध्ये दिलेला सूत्राचा त्रिकोण (ग्रॅम, मोल, एका मोलचे ग्रॅम) तिला पाठ आहे, तरी दर वेळी कुठेतरी अडतेच. घरी कसं समजावू?

ऐरोली_बीएस्सी
काकू, तिने रेणू मोजलेत, ते बरोबर आहेत. एका रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू, म्हणून गुणिले २. झालं.

रबाळे_लॅब
ताई, मी रबाळे एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे, रोज हेच करतो. त्रिकोण काही दिवस बाजूला ठेवू द्या.

तिला दोन सवयी लावा. पहिली, नुसतं ‘०.२५ मोल’ कधीच लिहायचं नाही. कशाचे मोल? ‘०.२५ मोल रेणू’. पुढच्या ओळीत ‘०.५० मोल ऑक्सिजन अणू’. मग अडायला जागाच उरत नाही. दुसरी, आकडेमोडीआधी अंदाज. एक मोल ४४ ग्रॅमचा, आपल्याकडे ११ ग्रॅम, म्हणजे मोल एकापेक्षा कमीच यायला हवेत. चुकून गुणलं तर ४८४ येतील, आणि ते तिचं तिलाच खटकेल.

‘कशाचे’ हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. मोरचुदाचं उदाहरण घ्या. निळ्या खड्यात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू असतात, त्यामुळे एक मोल २४९.७ ग्रॅमचा. पाणी नसलेल्या पांढऱ्या पावडरीचा १५९.६. द्रावणाला ०.१ मोल तांबं हवंय आणि पांढऱ्याचा हिशोब धरून निळे खडे १५.९६ ग्रॅम तोलले, तर तांबं जेमतेम ०.०६४ मोल पडतं. तराजूला फक्त ग्रॅम कळतात. बाटलीवरचं लेबल आपणच वाचायचं.

मोलच्या व्याख्येतही हे आहे. २० मे २०१९ पासून मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ × १०^२३ कण, आणि ते कण कोणते हे सांगावंच लागतं. ‘एक मोल ऑक्सिजन’ अर्धवट आहे: अणू असतील तर १६ ग्रॅम, रेणू असतील तर ३२.

तिला हे द्या: ११.१ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइडमध्ये क्लोराइड आयन किती? (एक मोल १११ ग्रॅम.)

कळव्याची आई
०.१ मोल कॅल्शियम क्लोराइड, ०.२ मोल क्लोराइड आयन, १.२०४ × १०^२३. ‘कशाचे’ प्रत्येक ओळीत लिहिलं, न सांगता! आता विचारतेय, २२.४ कधी वापरायचा?

रबाळे_लॅब
शाब्बास म्हणावं! २२.४ लिटर म्हणजे एक मोल वायू जेवढी जागा घेतो ती, म्हणून फक्त वायूला, तेही ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाला. दाब १ बार दिला असेल तर २२.७. पाण्याच्या किंवा मिठाच्या गणितात त्याला हात लावायचा नाही.