मदत हवी आहे : पंचेचाळिशीत आयटी सोडून ऑक्युपेशनल थेरपीकडे, ऑफिसात कसं सांगू?

मंडळी, मी इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. वय ४५, सगळी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेली. सप्टेंबरपासून ऑक्युपेशनल थेरपीच्या (थोडक्यात ओटी; आजारपणानंतर रोजची कामं परत स्वतः करायला शिकवणारी थेरपी) दोन वर्षांच्या एमएस्सीला प्रवेश मिळालाय. पैशांचं गणित मांडून झालंय (एनएचएस म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून वर्षाला ५,००० पौंड, बाकी बचत आणि नवरोबा). तेव्हा "कशाला हा उपद्व्याप" यावर कृपया चर्चा नको, ती सासरी-माहेरी यथेच्छ झालीय.

प्रश्न आहे तो ऑफिसात कुणाला, कधी आणि किती सांगायचं याचा.

नोटीस तीन महिन्यांची, म्हणजे मेअखेर राजीनामा द्यायलाच हवा. मॅनेजर इंग्रज बाई आहे. ती तोंडभर अभिनंदन करेल आणि लगेच हँडओव्हरची एक्सेल उघडेल. तिची धास्ती नाही. धास्ती आहे ती हिंजवडीच्या टीमची. दहा-बारा पोरंपोरी माझ्याबरोबर काम करतात. मागे एक डिलिव्हरी मॅनेजर असाच "पर्सनल रीझन" सांगून गेला आणि पाठोपाठ अर्धा प्रोजेक्ट गुंडाळला गेला. आता "मॅडम शिकायला चालल्यात" यावर कोण विश्वास ठेवणार? दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे सीव्ही नोकरी डॉट कॉमवर अपडेट झालेले असतील.

इथला आमचा देशी लंच-कंपू ही वेगळीच कथा. तिथे पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे फिजिओच ना?" आईला ठाण्यात अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा फिजिओने हात हलता केला, पण ब्लाउज कसा घालायचा हे शिकवलं ओटीच्या बाईंनी. आधी लुळा हात बाहीत, मग धड हात; काढताना उलट. हुकांच्या जागी वेल्क्रो लावून घ्यायला सांगितलं. आई परत स्वतःचे कपडे स्वतः घालायला लागली आणि माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं. असं सांगितलं की लोकांना कळतं, पण मग आईचं आजारपण डब्यांच्या टेबलावर चर्चेला येतं. ते मला नकोय.

ऑफिसबाहेरच्या एका मित्रापुढे जरा भाव खाल्ला, की आशियातलं ओटीचं पहिलं विद्यालय १९५० साली आपल्या केईएममध्ये सुरू झालं, तेही जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकरांनी. त्याने शांतपणे विचारलं, "पगार किती?" (एनएचएसचा बँड ५, म्हणजे नवख्या थेरपिस्टची पगारश्रेणी. आत्ताच्या निम्म्याहून कमी. हेही कंपूत विचारणारच.)

शिवाय लिंक्डइन. किमान १००० तासांची प्लेसमेंट (रुग्णांसोबतचं प्रत्यक्ष प्रशिक्षण), पदवी आणि एचसीपीसी या इथल्या नियामक संस्थेकडे नोंदणी होईपर्यंत स्वतःला ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणवून घेणं इथे कायद्याने चालत नाही. मग दोन वर्षं नुसतं "विद्यार्थिनी" लिहू?

चाळिशीनंतर क्षेत्र बदललेल्यांनी कृपया सांगा: एचआरचा मेल जायच्या आत पुण्याच्या सगळ्यांना एकत्र कॉलवर सांगावं, की आधी तिथल्या लीडला एकट्याला? प्रवेशाचं पत्र दाखवलं तर विश्वास बसेल, की ते जरा अतीच होईल? आणि "फिजिओच ना?"ला आईला मध्ये न आणता एका वाक्यात देता येईल असं उत्तर कुणाकडे असेल, तर तेही द्या.